खालचं घर

१

आमच्या बायूकाठी, म्हणजे दलदलीतून समुद्राकडे जाणाऱ्या संथ पाण्याकाठी, पुराच्या भीतीनं घर खांबांवर उचललं की मागच्या दाराला आडवी दोरी बांधतात. सुतार आधी समोरचा जिना बांधून देतो. मागच्या जिन्याला लाकूड मिळेपर्यंत दोन-चार महिने सहज जातात, आणि तोवर मागचं दार बारा फूट उंच हवेत उघडतं. हे माणसाला कळतं, पायांना कळत नाही. चाळीस वर्षं सकाळी कॉफीचा चोथा अंजिराच्या झाडाला घालायला गेलेले पाय अर्धवट झोपेत निघतात ते थेट दवाखान्यात पोचतात. शेजारच्या नेल्डाच्या दिरानं असाच खुबा मोडून घेतला. म्हणून दोरी, आणि दोरीला एखादं भडक फडकं.

आमच्या दोरीला मी क्लोव्हिसची केशरी टोपी बांधली होती. क्लोव्हिस माझा नवरा. कोळंबी धरण्यात त्याची हयात गेली, बोटीवर कधी पाय घसरला नाही, पण जमिनीवर त्याचा काही भरवसा नाही.

घर वर जाऊन नऊ दिवस झाले होते. सकाळचे सात वाजले असतील. तो माझ्यासमोर टेबलाशी बसून पावाला मुरंबा लावत होता आणि मी त्याला 'लाव रे, लिंपू नकोस' म्हणत होते. तेवढ्यात खाली मागचं जाळीचं दार आपटलं. पाठोपाठ तीन लाकडी पायऱ्या वाजल्या. कुणीतरी सवयीनं, न बघता उतरत होतं.

मी दोरीकडे पाहिलं. टोपी जागच्या जागी लोंबत होती.

"वारा," क्लोव्हिस म्हणाला. त्यानं मान वर केली नव्हती.

असेलही वारा. पण जाळीचं दार आता कुठंच नव्हतं. वादळानंतर मी स्वतः ते बिजागऱ्यांतून उपटून रस्त्याकडेच्या ढिगावर फेकलं होतं, आतला कुजका वास कोंडायला चिकटपट्टी गुंडाळलेल्या आमच्या फ्रिजशेजारी. आणि त्या तीन पायऱ्या तर पाण्यानंच नेल्या होत्या.

२

वादळाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

क्लोव्हिसच्या घराण्यात वादळ आलं म्हणून कुणी घर सोडलेलं नाही. बाप राहिला, आजा राहिला, आणि लग्नानंतर एकेचाळीस वर्षं मीही राहिले. त्या वर्षी मात्र आकाशाचा रंग मला आवडला नाही. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. हट्टी माणसाला गाडीत कसं बसवायचं ते मला कुणी शिकवू नये. पेट्रोलपंपावर अख्खं गाव रांगेत उभं होतं. क्लोव्हिस ट्रकमधून उतरून परत घराकडे चालू लागला, तेव्हा मी सगळ्यांच्या देखत ओरडले, "राहा की, खुशाल राहा! मेलास की तुझी बोट विकून दुसरा नवरा करते."

लोक पोट धरून हसले. तो परत आला, ट्रकमध्ये बसला, आणि लाफायेतला मुलीच्या घरी पोचेपर्यंत तीन तास एक शब्द बोलला नाही. लाडात आला की तो मला 'शा' म्हणायचा, आमच्याकडचे जुने लोक म्हणतात तसं. ते त्या दिवसापासून बंद झालं.

घरात पाणी छताला टेकलं होतं. दोन दिवस टेकून राहिलं. परत आलो तेव्हा सोफा ओट्यावर चढलेला, ओव्हनमध्ये मेलेला मासा, आणि सगळ्यावर काळा, चकचकीत, कुजका चिखल. गाव म्हणालं, अर्लीन, तू होतीस म्हणून क्लोव्हिस वाचला. मी बरोबर होते. पण बरोबर असण्याचं सुख फार दिवस पुरत नाही.

भिंतींचे तक्ते काढून घर हाडांपर्यंत सोललं, सुकवलं. चौदा महिने सरकारनं दिलेल्या चाकांवरच्या डब्यात राहिलो, जिथं आंघोळ करताना कोपर स्वयंपाकघरात जायचं. मग घर उचलणारा लेस्टर आला. त्यानं घराखाली जॅक लावले आणि तीन दिवसांत बोटबोट करत आख्खं घर बारा फूट वर नेऊन लाकडी खांबांवर बसवलं. घराच्या बुडाला खालून पांढऱ्या रंगाची फळकुटं ठोकली.

"मिस अर्लीन," खाली उभं राहून तो अभिमानानं म्हणाला, "जुनं छत होतं तिथं आता तुमची जमीन आहे. खाली एक पुरं घर मावेल बघा."

३

खाली आम्ही ट्रक लावायला लागलो. जाळी, बर्फाची पेटी, दोन घडीच्या खुर्च्या, एवढंच सामान. बाकी मोकळी खडी आणि खांब.

एकदा मी समोरच्या जिन्यावर बसून भेंडी चिरत होते. क्लोव्हिस ट्रककडून पेटीकडे निघाला. सरळ गेला असता तर दहा पावलं होती. तो सरळ गेला नाही. आधी डावीकडे वळला, थोडं पुढं गेला, मग खांदा किंचित आत घेऊन उजवीकडे वळला, आणि मग पेटीशी पोचला.

मला हसू आलं. घर खाली होतं तेव्हाच्या आमच्या बोळातून तो गेला होता. स्वयंपाकघराच्या दाराशी वळताना तो नेहमी असाच खांदा आत घ्यायचा, कारण तिथं माझं ॲप्रन टांगलेलं असे.

नेल्डाला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय? आमचे हे महिनाभर नसलेल्या न्हाणीघराला वळसा घालत होते. एकदा तर दार वाजवून थांबले."

"आत कोण होतं मग?"

"मीच असणार. दुसरी कुणी असती तर सोडलं असतं का?"

हसून विषय संपला. सवय असते. सवय जायला वेळ लागतो.

पण त्याच आठवड्यात एक मांजर आलं. राखाडी, कान फाटलेलं, कुठून आलं देव जाणे. जुनं घर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. मी खडीवर माशाचं डोकं टाकलं. मांजर ट्रकखालून निघालं, डावीकडे वळलं, थोडं पुढं गेलं, उजवीकडे वळलं आणि मग माशाशी आलं.

दोन दिवस मी मुद्दाम वेगवेगळ्या जागी मासे टाकले. मधे भिंत येत नसेल तेव्हा ते सरळ येई. येत असेल तेव्हा वळसा घाली. एकदा मी मासा जुन्या कपाटाच्या जागी टाकला. त्याभोवती ते तीनदा फिरलं, बसून ओरडलं आणि उपाशी निघून गेलं.

मग माझं लक्ष पाल्याकडे गेलं. ओकचा वाळका पाला वाऱ्यानं खाली येऊन पडायचा तो एका सरळ रेघेत, जिथं खांब नव्हते तिथं. मी झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी रेघ तिथंच होती. वारा बायूवरून येतो, खांबांत अडकतो, फिरतो, असं मी स्वतःला समजावलं. शाळेत विज्ञान शिकवणारे मास्तर माझ्याच बसनं जायचे, त्यांनीही हेच सांगितलं असतं.

४

क्लोव्हिस दुपारी खाली बसायला लागला. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, हे त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. घडीची खुर्ची तो बरोबर जिथं आमचं जुनं टेबल होतं तिथं मांडायचा. दुसरी खुर्ची समोर मांडायचा.

मी वर काम करत असायचे आणि खालचे आवाज जमिनीतून यायचे. कपात चमचा. नळ सोडल्याचा, बंद केल्याचा. आमच्या जुन्या नळाला बंद करताना एक कण्हल्यासारखा सूर होता, तो. खाली नळ नव्हता. बागेला पाणी घालायची तोटी समोरच्या बाजूला आहे, पाइपातून आवाज चढत असेल. चमचा? पेटीवरची साखळी असेल. माझं कारण दर वेळी तयार असायचं, आणि दर वेळी ते थोडं उशिरा यायचं.

मग एक दिवस खालून हसणं ऐकू आलं. बाईचं. मोकळं, नाकातून फुस्स करून सुटणारं. मला वाटलं नेल्डा आली. खिडकीतून पाहिलं तर नेल्डा तिच्या अंगणात दोरीवर चादरी घालत होती.

ते हसणं माझं होतं. मी कशी हसते ते मला ठाऊक आहे. मी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते, हेही ठाऊक होतं.

क्लोव्हिस वर आला तेव्हा मी विचारलं, "खाली कुणाशी बोलतोस?"

"कुणाशी नाही."

"मग हसत कोण होतं?"

त्यानं टोपी काढून खुंटीला लावली. "तुला ऐकू येतं?" त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट हायसं वाटल्यासारखं दिसत होतं. "मला वाटलं, माझंच डोकं गेलं."

"दोघांचंही गेलं असेल."

"असेल," तो म्हणाला. "पण ते दोघं बरे आहेत गं. कुरकुर नाही, काही नाही. वादळ आलं तेव्हा ते गेलेच नाहीत ना कुठं."

५

मला राग आला. खरं सांगायचं तर भीतीच्या आधी राग आला. मी माणूस ओढून जिवंत ठेवला, आणि तो वर माझ्याशी चार शब्द बोलत नाही आणि खाली जाऊन दुपारभर गप्पा मारतो, त्याही माझ्याशीच. स्वतःचीच सवत होण्याची पाळी कुणावर येऊ नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मी जेवायला हाक मारली. एकदा, दोनदा. तो आला नाही. मी जिना उतरले. लख्ख ऊन होतं. तो खुर्चीत बसला होता, हात टेबलावर ठेवल्यासारखे हवेत, नव्हे, गुडघ्यांवर असतील. मी ठरवलं की वळसा घालायचा नाही. आपल्याच घराखाली मी नसलेल्या भिंतींना का भ्यावं? मी सरळ चालत गेले.

चौथ्या पावलाला खांद्यावर काहीतरी आदळलं. मी मागे भेलकांडले. समोर काहीही नव्हतं. डाव्या हाताला दोन फुटांवर खांब होता. तिथंच आपटले असणार, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. तो खांदा पुढं दहा दिवस निळा होता, आणि तो उजवा होता.

तोल सावरताना नजर क्लोव्हिसच्या मागे गेली, जिथं सिंक असायचं तिथं. एक कोपर दिसलं. दुमडलेली बाही, निळी चौकडी, आणि त्याखाली घासण्याच्या लयीत हलणारं एक कोपर. बाकी काही दिसलं नाही. ट्रकचा आरसा मधे होता की ऊन डोळ्यांवर आलं, कोण जाणे. डोळे मिचकावले तर पलीकडे बायूचं पाणी.

तो निळ्या चौकडीचा सदरा मी घर सोडताना खुंटीवरच विसरले होते. नंतर चिखलातून काढून ढिगावर टाकला.

"लागलं का?" क्लोव्हिसनं विचारलं. तो उठून आला, त्यानं माझा खांदा चोळला. कितीतरी दिवसांनी त्याचा हात लागला होता. मला रडू आलं आणि मी त्याला सांगितलं, "वर चल. त्यांच्यात बसू नकोस. मला तू हवा आहेस."

"इथंच तर आहे मी," तो म्हणाला. पण वर आला.

६

सप्टेंबरात आमच्या इथल्या आखातात पुन्हा वादळ उठलं. गाव सोडायचा हुकूम निघाला. मी पिशव्या भरल्या, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घातली, आणि भांडणाची तयारी ठेवली. भांडण झालंच नाही. क्लोव्हिसनं मुकाट्यानं बोट आत खाडीत नेऊन बांधली, पिशव्या ट्रकमध्ये ठेवल्या. मग म्हणाला, "दोन मिनिटं," आणि त्या दोन खुर्च्यांकडे गेला, डावीकडून वळसा घालून.

तो वाकून काहीतरी बोलला. थांबला. मान हलवली. परत येऊन ट्रकमध्ये बसला.

"काय केलंस?"

"म्हटलं, चला आमच्याबरोबर. जागा आहे मागे."

"मग?"

"ती नाही म्हणते."

"कोण ती?"

"तू," क्लोव्हिस म्हणाला. "म्हणतेस, हा राहणार तर मीही राहणार."

मी गाडी सुरू केली. गावाबाहेर पडेपर्यंत मला रस्ता नीट दिसत नव्हता. पेट्रोलपंपावर हे वाक्य मलाही बोलता आलं असतं. मी दुसरं बोलले, आणि म्हणून आम्ही जिवंत होतो.

मुलीच्या घरी आम्ही टीव्हीवर नकाशा बघत बसलो. दुपारी चारच्या सुमाराला क्लोव्हिस उठला, सावकाश खाली वाकला आणि तळवा सपाट करून जमिनीवर ठेवला. बराच वेळ तसाच होता. मुलीनं विचारलं, "बाबा, काय पडलं?"

"काही नाही," तो म्हणाला. "आता छताला लागलं असेल."

७

पाचव्या दिवशी रस्ता उघडला. घर उभं होतं. एक काच फुटली नव्हती. पाणी खालून आलं आणि खालूनच गेलं, ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता तसंच. खुर्च्या गेल्या, बर्फाची पेटी नेल्डाच्या झाडात अडकली. खांबांवर चिखलाची रेघ नऊ फुटांवर होती. माणसं येऊन शाबासकी देऊन गेली.

खाली शांत होतं. दार नाही, नळ नाही, चमचा नाही. मांजर परत आलं आणि खडीवरून सरळ चालत आमच्याकडे आलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. क्लोव्हिस जिन्यावर बसून रडला, घरचं माणूस गेल्यावर रडतात तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

दुपारी लेस्टर खांब तपासायला आला. शिडी लावून वर चढला, बॅटरी मारली, आणि थांबला.

"मिस अर्लीन, बुडाला नंतर कुणी हात लावला होता का?"

"कुणी म्हणजे? बारा फुटांवर कोण हात लावणार?"

"नाही, हाताचेच ठसे आहेत. पाणी तर इथवर आलं नाही." त्यानं रेघ पाहिली, पुन्हा वर पाहिलं. "कामावरचे लोक असतील आमचे. चिखलाचे हात पुसले असतील." लेस्टर भला माणूस आहे. त्यालाही कारण थोडं उशिरा सापडलं.

तो गेल्यावर मी शिडी चढले. पांढऱ्या फळकुटांवर चिखलाचे तळवे होते. एक जोडी मोठी, एक लहान. झोपायच्या खोलीखाली सुरुवात, तिथं ते विरळ होते. बोळाखालून ते पुढं सरकले होते, ओळीनं, चाचपत. आमच्या स्वयंपाकघराखाली ते एकावर एक इतके दाट होते की पांढरं दिसतच नव्हतं. तिथं नखांचे ओरखडेही होते.

मोठ्या पंज्याला चौथं बोट अर्धंच होतं. क्लोव्हिसचं ते बोट जाळं ओढायच्या यंत्रात गेलंय. लहान ठशावर मी माझा तळवा ठेवला. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

मी शिडीवर किती वेळ होते माहीत नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. वर आमचं टेबल होतं, कोरडं. आम्ही घरी असतो तर ऐकू आलं असतं.

८

क्लोव्हिसनं करवत काढली तेव्हा मी त्याला काही बोलले नाही. त्यानं स्वयंपाकघराची जमीन कापली, तीन फूट बाय तीन फूट, नीट मोजून. मी खालून फळकूट धरलं. झाकणाला बिजागऱ्या लावल्या, वरून धरायला कडं, खालून धरायलाही कडं. खिट्टी लावली नाही. नेल्डा म्हणाली, "नव्या घराला भोक पाडलंत, तुम्हा दोघांना वेड लागलंय." मी म्हटलं, जाळी वर घ्यायला बरं पडतं.

आठवडाभरानं सकाळी खाली जाळीचं दार आपटलं. तीन पायऱ्या वाजल्या. क्लोव्हिसनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्यासाठी आणखी एक कप कॉफी ओतली.

"शा," तो म्हणाला, "साखर राहिली."

यंदा ऑगस्टातच मोठं वादळ आलं. हुकूम निघाला, नेल्डा गेली, सगळं गाव गेलं. संध्याकाळी शेरीफच्या कचेरीतला माणूस पिवळा रेनकोट घालून जिना चढून आला. नम्र होता बिचारा. पुष्कळ समजावलं. राहणारच असाल तर नावं द्या, बाहेरगावच्या नातेवाइकाचा नंबर द्या, आणि मागाहून ओळख पटावी म्हणून दंडावर न पुसणाऱ्या शाईनं आपलं नाव लिहून ठेवा, म्हणाला. आम्ही त्याच्यासमोरच एकमेकांच्या दंडावर नावं लिहिली.

बाहेर बायूचं पाणी रस्त्यावर आलं होतं. त्या माणसानं वही उघडली.

"घरात किती जण आहात?"

क्लोव्हिस माझ्याकडे बघत होता. त्याला भीती होती की मी आताही पिशवी उचलीन.

"सध्या दोघं," मी म्हणाले.

त्यानं तसं लिहून घेतलं आणि तो जिना उतरून गेला.